गोंदणाची जागा

“कुठल्या आईचं?” मीराने फोनवर विचारलं. प्रीतमला आईचं गोंदण कुठे होतं ते हवं होतं.

“असं काय ग ताई. आपल्या. चारकोपच्या.”

मीराला उत्तर ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, कारण त्याला ते तोंडाने बोलायला लावण्यात तिला अलीकडे बरं वाटू लागलं होतं. प्रीतमला दोन आया होत्या. एक मुलुंडची, ती अजून होती. दुसरी चारकोपची, ती श्रावणात गेली. चारकोपचीने त्याला जन्म दिला होता आणि तो तिला काकी म्हणत असे.

मुलुंडला थोरले काका राहत, त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना-काकूंना मूल नव्हतं. गिरणी बंद पडल्यावर मीराच्या वडिलांना, दशरथला, नानांनी आपल्या कंपनीत चिकटवून घेतलं होतं, त्यामुळे नाना बोलले की घरात कुणी वर मान करत नसे. प्रीतम चार वर्षांचा होता. गावच्या घरी गणपतीत, आरती झाल्यावर नानांनी सरळ मागितलं, “ह्यो आमका दी.” दशरथने बायकोकडे, शेवंतीकडे, बघितलंसुद्धा नाही. काकूची अट एकच होती, की पोराने आजपासून शेवंतीला काकी म्हणायचं आणि शेवंतीने कधीही ते सुधारायचं नाही. देवापुढे नारळ होता. शेवंतीने त्यावर हात ठेवला. आठ वर्षांच्या मीराला तो हात अजून दिसे. आई स्वयंपाकघरातून तशीच उठून आली होती आणि हाताला तांदळाचं पीठ होतं.

शब्द शेवंतीने शेवटपर्यंत पाळला. भाऊबीजेला, गणपतीला प्रीतम चारकोपच्या खोलीत यायचा, “काकी, पाणी दे” म्हणायचा, आणि ती “देतंय हां, बाळा” म्हणून उठायची. पुढे तिला अर्धांग झालं. मीराने शाळेतली नोकरी सोडली. प्रीतम अंधेरीच्या ऑफिसातून अधूनमधून येऊन जायचा, तासभर कॉटच्या पायथ्याशी बसायचा. एकदा त्याने नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, “वास कसला येतोय ग?”

वास पाठीच्या जखमेचा होता. मीराने सांगितलं नव्हतं. पट्टी बदलायची वेळ झाली की तो आपणहून गॅलरीत फोनवर बोलायला जायचा.

मग श्रावणात आई गेली आणि अग्नी द्यायला मुलगा हवा म्हणून सगळ्यांना एकदम आठवलं की तो मुलगा आहे. काकूसुद्धा म्हणाली, “जा, दे. आता काय.”

गोंदणाचं निघालं ते त्यानंतर. कुडाळहून मावशी आली ती दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. चहा घेताना ती मान हलवत म्हणाली, “कुड्या, मंगळसूत्र, सगळा काढून घेतलास. गोंदाण तेवढा गेला तिच्या वांगडा.”

प्रीतमने कप खाली ठेवला. “कसलं गोंदण?”

“जत्रेत गोंदून घेतलेल्यान. तुका दिल्यान, त्येच्या फुडल्या वर्साक.”

“कुठे होतं?”

“तां खंय कोणाक दाखवल्यान? मीराक इचार. तिनाच न्हाणयल्यान तिका.”

तेव्हापासून तो मीराच्या मागे लागला होता. फोनवर, मेसेजवर. कुठे होतं, कसं होतं. आपल्याला तसंच, त्याच जागी करून घ्यायचंय. मीरा म्हणायची, सांगते. नंतर सांगते. भेटल्यावर सांगते.

न सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला होतं, काखेच्या जरा खाली, ब्लाउजच्या बाहीत झाकलं जाईल असं. जत्रेतल्या बॅटरीच्या मशीनवाल्याने घाईत काढलेली तीन अक्षरं होती, प्री, त आणि म. कातडी सैल पडली तशी ती पसरली, हिरवी-काळी झाली, आणि शेवटी ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच वाचता येतील अशी उरली.

मीराने ती पहिल्यांदा वाचली तेव्हा ती पाचवीत होती. आई मोरीत केस पुसत होती, हात वर होता. मीराने मोठ्याने अक्षर अक्षर वाचलं आणि मग विचारलं, “माझं कुठाय?”

आई हसली होती. “तू आसस मा माझ्या डोळ्यांफुडे. जा आसा, त्येचा नाव कित्याक गोंदूचा?”

नंतर मीराने पुष्कळ पुस्तकं वाचली, पण इतकं चोख उत्तर तिला कुठेही भेटलं नाही. जो नाही त्याचं नाव अंगावर. जी आहे तिने बादली भरायची. शेवटची चार वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्याने ती आईचा तो हात उचलून पुसत असे, आणि रोज ते नाव तिच्या अंगठ्याखालून जात असे. एखाद्या दिवशी ती जरा जोरातच घासायची. गोंदण काही जात नाही.

*

बोरिवलीला, स्टेशनच्या पश्चिमेला, मोबाइलच्या दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर टॅटूचं दुकान होतं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं. टॅटू काढणारा शौनक नावाचा तरुण होता. गळ्यापर्यंत रंगलेला, बोलायला मात्र अगदी मऊ.

“आईसाठी ना सर? बेस्ट. मोस्टली आईचेच करतो आम्ही. आई आणि गर्लफ्रेंड. आई पुसायला कुणी परत येत नाही.” स्वतःच्याच विनोदावर तो हसला. “बोला, कुठे करायचं?”

“ते हिला विचारायचंय,” प्रीतम म्हणाला. “जिथे आईला होतं तिथेच.”

“वा. झकास आयडिया आहे.”

दोघे मीराकडे बघू लागले. ती प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. येताना तिने ठरवलं होतं की सांगून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. रिक्षात तिने वाक्यसुद्धा तयार केलं होतं, की प्रीतम, तुझंच नाव होतं रे. एवढंच वाक्य. तो रडेल, आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवू, आणि ती चारकोपची खोली आपल्या अंगावरून उतरेल.

“सांगते,” ती म्हणाली. “पण तुला कशाला हवंय हे एवढं?”

प्रीतम शर्टाच्या कफशी खेळू लागला. बेचाळीस वर्षांचा माणूस, कपाळ मोठं होत चाललेला, पण हा चाळा लहानपणचाच.

“कारण मला तिचं काहीच मिळालं नाही ग. तुला सांगतो, मी मुलुंडला रात्री उशीत तोंड घालून आई म्हणायचो. हळू. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. चारकोपला यायचो ना, तेव्हा वाटायचं, आज तरी ती म्हणेल की काकी नको म्हणूस. एकदा तरी. पण नाही. मजेत ‘देतंय हां बाळा’. तिला काही फरकच पडला नाही. एक पोरगं दिलं, एक ठेवलं, संपलं.”

शौनक शाईची बाटली पुसत दुसरीकडे बघत होता.

वाक्य मीराच्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत.

“तुझं काय,” प्रीतम पुढे म्हणाला, “तुला आख्खी मिळाली. लहानपणापासून शेवटपर्यंत. मी काय मागतोय? नुसती जागा सांग म्हणतोय. त्यात पण तुझे भाव.”

आख्खी. मीराने तो शब्द मनात उलटापालटा करून पाहिला. डायपर बदलताना आईने मुठीत धरून ठेवलेली तिची वेणी, दिवसातून दहादा “प्रीतम इलो?”, आणि तिने “आई, मी आहे” म्हटल्यावर भिंतीकडे वळलेलं तोंड. आख्खी मिळाली होती खरी.

“हातावर होतं का?” प्रीतमने शर्ट काढायला सुरुवात केली. “बायकांचं हातावरच असतं ना?”

“पुढच्या हातावर कॉमन आहे सर,” शौनक म्हणाला. “पण मी सांगू? इथे करा.” त्याने प्रीतमचा डावा हात वर उचलला आणि दंडाच्या आतल्या बाजूला, काखेच्या जरा खाली, दोन बोटं टेकवली. “जगाला दिसत नाही. फक्त तुम्हाला दिसतं. पर्सनल असेल तर ही जागा बेस्ट.”

मीराची पाठ खुर्चीला टेकली. तिथेच. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

प्रीतमने मान वाकवून त्या जागेकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “इथे होतं?”

“नाही,” मीरा म्हणाली.

ते इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“मग?”

“पाठीवर. डाव्या खांद्याच्या हाडाखाली.”

“पाठीवर?” प्रीतमने हात खाली घेतला. “पाठीवर कोण गोंदतं? तिला स्वतःला तरी कसं दिसणार?”

“म्हणूनच कुणाला दाखवता आलं नाही तिला,” मीरा म्हणाली. “मी बघितलंय ना. रोज बघत होते.”

यात मात्र खोटं काही नव्हतं. डाव्या खांद्याच्या हाडाखाली जे होतं ते ती रोज बघत होती, सकाळी आणि संध्याकाळी, सलाईनच्या पाण्याने धूत होती. आधी नुसता लाल डाग होता. मग सुपारीएवढं झालं, मग वाटीएवढं. हवेची गादी आणली, कुशी बदलल्या, तरी ते आत जात राहिलं. एके दिवशी तळाशी काही पांढरं दिसलं आणि ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सने तिला जरा बाहेर जाऊन बसायला सांगितलं. जगात ज्या जागेची मीराला सर्वांत जास्त माहिती होती, ती जागा तिने भावाला दिली.

“डिझाइन काय होतं मॅडम?” शौनकने कागद आणि पेन पुढे केलं. “आठवेल तसं काढा. मी नीट करून घेतो.”

मीराने पर्स खाली ठेवली आणि काढायला घेतलं. एक गोल, पण धड गोल नाही, खालच्या बाजूने जरा ओघळलेला. त्याच्या आत दुसरी कड, तुटक. मधे मोकळं. बाहेरच्या बाजूने बारीक ठिपके, जिथे चिकटपट्टीने कातडी सोलायची. तिचा हात अजिबात थांबला नाही. आकार किती हवा म्हणून शौनकने विचारलं तेव्हा तिने अंगठा आणि मधलं बोट ताणून माप दाखवलं. शेवटच्या महिन्यातलं माप.

“इंटरेस्टिंग आहे,” शौनक कागद उजेडात धरून म्हणाला. “तुळस, विंचू, सीतेचा पदर, हे सगळं केलंय मी. हे नाही बघितलं कधी. कोकणातलं का?”

“आमच्या घरातलं,” मीरा म्हणाली.

“चंद्रासारखं वाटतं ना?” प्रीतम तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचे डोळे भरले होते. “खळं पडलेल्या चंद्रासारखं.”

“हो. तसंच काहीसं.”

*

प्रीतम टेबलावर पालथा झाला. शौनकने पाठ साबणाने पुसली, वस्तरा फिरवला, छाप उमटवला. मीराला खुर्ची जवळ घ्यायला सांगितलं, “जागा बरोबर आहे का बघा मॅडम, एकदा सुई लागली की झालं.”

तिने बघितलं. “थोडं खाली,” ती म्हणाली. “आणि आतल्या बाजूला.”

शौनकने पुसून परत उमटवलं.

“आता बरोबर.”

“हाडावर आहे सर. दुखणार. आधीच सांगतो.”

“दुखू दे रे,” प्रीतम म्हणाला. “तिला पण दुखलंच असेल.”

“खूप,” मीरा म्हणाली.

मशीन सुरू झालं. पहिल्या रेघेलाच प्रीतमने टेबलाची कड धरली. दुसऱ्या रेघेला त्याने हात मागे करून चाचपला आणि मीराची बोटं पकडली. तिने पकडू दिली. कड ओढली जात होती, शाई आणि रक्त मिसळून येत होतं, शौनक टिपकागदाने ते टिपत होता, आणि टिपण्याची त्याची पद्धत मीराला पसंत नव्हती. बाहेरून आत टिपू नये. आतून बाहेर टिपावं.

“ताई,” प्रीतम टेबलाच्या रेक्झिनमध्ये तोंड दाबून म्हणाला, “शेवटी माझं नाव घ्यायची का ग ती?”

मशीन थांबलं. शौनक शाई घेत होता. त्या थांबण्यात बाहेर कुणीतरी मोबाइलच्या कव्हरसाठी घासाघीस करत असलेलं ऐकू आलं.

“नाही,” मीरा म्हणाली. “शेवटी कुणालाच ओळखत नव्हती.”

“तुला?”

“मला पण नाही.”

यावर त्याने तिची बोटं आणखी घट्ट धरली. तिच्या लक्षात आलं की त्याला आपली कीव आली आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मशीन परत सुरू झालं आणि त्याची पाठ थरथरली. आपण याच्याकडे बघतो आहोत ते कशासारखं, असा तिने विचार केला. समाधान म्हणावं तर ते नव्हतं. भूक लागलेली असताना दुसऱ्याच्या ताटातलं सांडून टाकल्यासारखं होतं. आपलं ताट रिकामंच.

तास-दीड तासाने शौनकने हातमोजे काढले. दोन आरसे पुढे-मागे धरून त्याने प्रीतमला पाठ दाखवली. प्रीतम बराच वेळ बघत राहिला. मग खरोखरच रडला, तोंड न झाकता, चारचौघांत मोठी माणसं रडत नाहीत तसा.

“आई,” तो म्हणाला. आरशातल्या त्या जखमेला म्हणाला.

शौनकने फोटो काढले. पेजवर टाकू का म्हणून विचारलं. प्रीतमने मान हलवली, टाक म्हणाला, खाली लिही, माझ्या आईचं गोंदण.

“आता नीट ऐका,” शौनक म्हणाला. “सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने धुवायचं. घासायचं नाही. कोरडं करायचं, मलम अगदी पातळ लावायचं. त्यावर झोपायचं नाही, कुशीवर किंवा पालथं. कपडा चिकटला तर ओढायचा नाही, पाण्याने भिजवून सोडवायचा. खपली निघेल, ती काढायची नाही. पाठ आहे म्हणजे तुमचा हात पोचणार नाही, घरात कुणालातरी करावं लागेल.”

मीरा हे पाठ असलेल्या माणसासारखी ऐकत होती. ओठसुद्धा हलले असतील.

प्रीतमने मलमाची ट्यूब घेतली, हातात फिरवली आणि तिच्यापुढे धरली.

“ताई, तू करशील ना?”

“मी?”

“श्रुतिकाला नाही जमणार. माझ्या बायकोला साधी सुई टोचलेली बघवत नाही. आणि मुलुंडच्या आईला मला हे कळू द्यायचं नाहीये, उगाच वाईट वाटेल तिला. सकाळचं मी कसंतरी शॉवरखाली उरकेन. संध्याकाळी ऑफिस सुटलं की अंधेरीहून थेट चारकोपला येत जाईन. रोज. खपली पडेपर्यंत. आईच्या कॉटवर पालथा पडेन, तू काय ते कर.” तो हसला, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. “तुला सवय आहे.”

मीराने ट्यूब हातात घेतली. तिला दिसलं, ती कॉट, ज्यावरची गादी तिने अजून टाकून दिली नव्हती. वाटी, कापूस, कोमट पाणी. संध्याकाळची वेळ. दार वाजेल आणि तो येईल, रोज येईल, ज्याची चार वर्षं दाराकडे डोळे लावून वाट बघितली गेली तो, आणि त्याच्या पाठीवर तीच कड, तेच माप, तिने स्वतःच्या हाताने काढलेलं. ती आतून बाहेर टिपील. घासणार नाही.

“ये,” ती म्हणाली. “सहा-साडेसहापर्यंत ये.”

“शर्ट घालायला जरा मदत कर ग, पाठ ताणतेय.”

तिने शर्ट धरला. आजारी माणसाला घालतात तसा डावा हात आधी, हे तिच्या हातांना न सांगता ठाऊक होतं. प्रीतमने हात वर केला. त्याच्या दंडाची आतली बाजू तिच्या डोळ्यांसमोर आली, गोरी, गुळगुळीत, जन्मल्यापासून उन्हात न गेलेली. शौनकच्या बोटाचा शाईचा एक पुसट डाग तिथे लागला होता.

“काय झालं?” प्रीतमने विचारलं. “काही बोललीस?”

मीराने पर्समधून रुमाल काढला, एका कोपऱ्याला थुंकी लावली आणि तो डाग पुसून काढला.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि बाही खाली ओढली.